बसवली आठ जीबी, दिसते चार : संगणकाची मेमरी पूर्ण का दिसत नाही?



मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी आम्ही काही निवृत्त मंडळी सभासदांच्या संगणकाच्या अडचणी ऐकायला बसतो. आमच्यात इंजिनिअर कोणी नाही. कोणाचे आयुष्य बँकेत गेले, कोणाचे शाळेत, कोणाचे सरकारी कचेरीत. जे येते ते चुकतमाकत शिकलेले आहे. तिथे पुन्हा पुन्हा येणारा एक प्रश्न असा : "आम्ही रॅम वाढवून घेतली, आठ जीबीचे पैसे मोजले, पण संगणक चारच दाखवतो. आम्हाला फसवले का हो?"

बहुतेक वेळा कोणी फसवलेले नसते, आणि मदरबोर्डही गेलेला नसतो. हिशेब जुळत नाही एवढेच खरे असते. बँकेत दिवसअखेर जमा-नावे जुळले नाही तर आम्ही कॅशिअरवर आरोप करत नसू. आधी फरक नेमका कोणत्या वहीत पडला ते शोधत असू. संगणकाच्या मेमरीचेही तसेच करायचे आहे. ती पद्धत एकदा लिहून ठेवावी, म्हणजे कोणालाही घरबसल्या पडताळता येईल, यासाठी हा लेख.

मंडळाच्या संगणकाचा अनुभव

ही पद्धत आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. २०१९ साली मंडळाचा संगणक फारच मंदावला होता. सभासदांची यादी, जुन्या स्मरणिका, गणेशोत्सवाचे स्कॅन केलेले फोटो, सारे त्याच्यातच. एक फोटो उघडायचा तर मधल्या वेळात चहा होत असे. दोन जीबीच्या जुन्या दोन पट्ट्या काढून चार जीबीच्या नव्या दोन पट्ट्या आणल्या आणि आम्हीच बसवल्या. एकूण आठ जीबी. संगणक सुरू केला, तर पडद्यावर ४ जीबी, आणि त्यातही वापरता येण्याजोगी फक्त ३.२.

एका तंत्रज्ञाला दाखवले. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला : मदरबोर्ड गेला, नवा संगणक घ्या, तीस हजारांच्या वर जाईल. मंडळाकडे तेवढी रक्कम एकाच खात्यात होती. ती वाचनालयासाठी पुस्तके आणि दिवाळी अंक घ्यायला ठेवलेली. कार्यकारिणीत ठराव मांडायचीही वेळ आली होती. शेवटी काय निघाले ते पुढे त्या त्या ठिकाणी सांगतो. तो संगणक पुढे आणखी कित्येक वर्षे चालला आणि त्या वर्षीचे दिवाळी अंकही आले.

मेमरी म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण हार्ड डिस्कलाही मेमरी म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम आणि रॅम म्हणजे काउंटरवरचे टेबल. सगळ्या फायली रेकॉर्ड रूममध्ये असतात. काम करायचे तेवढ्या टेबलावर काढायच्या. टेबल लहान असेल तर सारखे उठून आत-बाहेर करावे लागते आणि काम रेंगाळते. वीज गेली की टेबल रिकामे होते, रेकॉर्ड रूम तशीच राहते. या लेखात मेमरी म्हटले की रॅम समजावी.

आणखी एक खुलासा. १ टीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. तो केवळ मोजमापातला फरक आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. रॅमला ही सबब लागू नाही. रॅम विकणारा आणि दाखवणारा दोघेही १०२४ च्याच पटीत मोजतात. म्हणून रॅम कमी दिसली तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

आधी तीन आकडे लिहून घ्या

काहीही उघडण्याआधी कागदावर तीन आकडे लिहावेत.

पहिला आकडा पट्टीवरचा. प्रत्येक पट्टीच्या लेबलवर ती किती जीबीची आहे ते छापलेले असते. सगळ्या पट्ट्यांची बेरीज करावी. बिलावरचा आकडा पुरेसा नाही, लेबल डोळ्यांनी पाहावे.

दुसरा आकडा बायोसमधला. विंडोज सुरू होण्याआधी मदरबोर्ड स्वतःची जी तपासणी करतो, तिचा हिशेब बायोसमध्ये असतो. संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ२ ही कळ पुन्हा पुन्हा दाबावी. काही कंपन्यांच्या यंत्रांत एफ१० किंवा एफ१ लागते. पहिल्याच पानावर एकूण मेमरी दिसते. आकडा एमबीत असेल तर ४०९६ म्हणजे ४ जीबी आणि ८१९२ म्हणजे ८ जीबी. काही न बदलता बाहेर पडावे.

तिसरा आकडा विंडोजचा. सेटिंग्ज, मग सिस्टम, मग अबाउट. तिथे 'इन्स्टॉल्ड रॅम'पुढे दोन आकडे असू शकतात : बसवलेली किती आणि 'युजेबल', म्हणजे वापरता येणारी, किती. दोन्ही लिहावेत. त्याच पानावर 'सिस्टम टाइप' अशी ओळ असते, तीही शब्दशः लिहून घ्यावी. पुढे तिची गरज लागेल.

विंडोज १० व ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडले की किती स्लॉट भरलेले आहेत, पट्ट्यांचा वेग किती आहे आणि 'हार्डवेअर रिझर्व्हड' किती, हेही कळते.

आमच्या संगणकाचे तीन आकडे होते : पट्टीवर ८, बायोसमध्ये ४, विंडोजमध्ये ३.२. तिन्ही वेगळे. बँकेत फरक शोधणाऱ्याला यातून लगेच शंका यावी की चूक एक नाही, दोन आहेत. आम्हाला मात्र ती तेव्हा आली नाही, कारण तंत्रज्ञाने आणि आम्हीही शेवटचाच आकडा पाहिला होता.

फरक कुठे, त्यावर इलाज

१. पट्टी, बायोस आणि विंडोज तिन्ही जुळतात, फक्त 'युजेबल' आकडा किंचित कमी आहे. हा बिघाड नाही.

२. पट्टीपेक्षा बायोसमधला आकडा कमी आहे. दोष पट्टी, स्लॉट, प्रोसेसर किंवा मदरबोर्डच्या मर्यादेत आहे. विंडोज पुन्हा टाकून काहीही होणार नाही.

३. पट्टी आणि बायोस जुळतात, पण विंडोज बरीच कमी वापरू शकते. दोष विंडोजच्या प्रकारात किंवा एखाद्या सेटिंगमध्ये आहे. नवी पट्टी आणून काहीही होणार नाही.

एवढे कळले तरी निम्मा खर्च वाचतो. अनेकजण तिसऱ्या प्रकारात नवी रॅम आणतात आणि दुसऱ्या प्रकारात विंडोज पुन्हा टाकून घेतात.

थोडी कमी दिसते ती का?

ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, तिथे पडद्यावरचे चित्र काढायलाही याच रॅममधला काही भाग बाजूला काढून ठेवला जातो. म्हणून आठ जीबीपैकी ७.८ किंवा ७.९ वापरण्याजोगी दिसते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असेल तर हा वाटा बराच मोठा, कधी २ जीबीपर्यंत असतो आणि आठपैकी जेमतेम सहा उरते. काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर साइझ' या नावाने तो कमी करता येतो. लॅपटॉपमध्ये बहुधा तशी सोय नसते. ज्यांना फक्त टायपिंग, ईमेल आणि बँकेचे काम करायचे आहे त्यांनी हा वाटा कमी करून पाहायला हरकत नाही.

पट्टी आणि बायोस जुळत नाहीत तेव्हा

सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण सर्वांत साधे असते : पट्टी नीट बसलेली नसते, किंवा तिच्या सोनेरी कडेवर धूळ आणि मळ साचलेला असतो. आपल्याकडे खिडकी उघडी राहिली की टेबलावर बोटाने नाव लिहिता येते. कॅबिनेटच्या आत काय होत असेल याची कल्पना करावी.

काम करण्याआधी संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढावा. मग पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. लॅपटॉपची बॅटरी सुटी होत असेल तर काढावी. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घालावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लोकरीचा स्वेटर किंवा सिंथेटिक शाल अंगावर असताना हे काम करू नये. अंगातल्या स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवतही नाही, पण तेवढ्याने चिप जाऊ शकते.

स्लॉटच्या टोकाची क्लिप बाहेर दाबली की पट्टी वर येते. पट्टी कडेने धरावी. सोनेरी कड पांढऱ्या, मऊ खोडरबराने हलकेच पुसावी आणि रबराचा भुगा कोरड्या ब्रशने झाडावा. स्लॉटमध्ये रबर घालू नये, तिथे फक्त ब्रश. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते, ती स्लॉटमधल्या उंचवट्यावर बरोबर आली पाहिजे. मग दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. 'टक्' असा आवाज येऊन क्लिप आपोआप लागली पाहिजे. दोन्ही बाजूंना क्लिप असतील तर दोन्ही लागल्या का ते पाहावे. लॅपटॉपमध्ये पट्टी तिरपी सरकवून खाली दाबायची असते.

आमची पहिली चूक इथेच होती. एका पट्टीची एका टोकाची क्लिप लागलीच नव्हती. पट्टी केसभर वर राहिली होती आणि बायोसला ती दिसत नव्हती. बसवणारे आम्ही होतो, त्यामुळे दोष देण्यासारखे दुसरे कोणी नव्हते. पट्टी नीट बसवल्यावर बायोसने निमूटपणे ८१९२ हा आकडा दाखवला. मदरबोर्ड ठणठणीत होता.

साफ करून, नीट बसवूनही आकडा कमीच आला तर पुढची पायरी आलटून पालटून तपासणीची. दोन पट्ट्यांना 'क' आणि 'ख' अशी नावे द्यावीत, स्लॉटला १ आणि २. एका वेळी एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून बायोसमधला आकडा लिहावा. अशा चार नोंदी होतात.

'क' दोन्ही स्लॉटमध्ये दिसत नाही आणि 'ख' दोन्हीकडे दिसते : 'क' पट्टी खराब आहे.

दोन्ही पट्ट्या स्लॉट १ मध्ये दिसतात, स्लॉट २ मध्ये एकही दिसत नाही : स्लॉट २ कडे जाणाऱ्या वाटेत दोष आहे. काही मदरबोर्ड ठरावीक स्लॉट भरल्याशिवाय सुरूच होत नाहीत, म्हणून निष्कर्षाआधी मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहावी.

चारही वेळा बरोबर दिसते, पण दोन्ही एकत्र लावल्या की नाही : दोन पट्ट्यांचे आपसात जमत नाही किंवा मदरबोर्डची मर्यादा आडवी येते.

चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डवर दोनच पट्ट्या लावायच्या तर बहुतेक ठिकाणी प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरावा असे सांगितलेले असते.

स्लॉटकडे बोट गेले तरी मदरबोर्ड टाकून देण्याची घाई नको. पूर्वी मेमरीचा कारभार मदरबोर्डवरची वेगळी चिप पाहत असे. एएमडीने २००३ पासून आणि इंटेलने डेस्कटॉपवर २००८ च्या अखेरीपासून हा कारभार प्रोसेसरच्या आतच नेला. त्यामुळे प्रोसेसरच्या किंवा त्याच्या सॉकेटच्या शेकडो पिनांपैकी एखादी वाकली, किंवा वरचा पंखा एका बाजूने फार आवळला गेला, तरी अर्धी मेमरी दिसेनाशी होते. पंखा सैल करून पुन्हा सारखा बसवणे हे तंत्रज्ञाचे दहा मिनिटांचे काम आहे. "आधी ते पाहा" असे सांगायला संकोच करू नये. पिना मात्र स्वतः सरळ करू नयेत.

मदरबोर्डची मर्यादा

जुन्या यंत्रांना ठरावीक पेक्षा जास्त मेमरी ओळखताच येत नाही. इंटेलच्या ९४५ आणि जी३१ या चिपसेटच्या संगणकांची कमाल ४ जीबी आहे. ९४५ वर तर चार जीबी बसवूनही पूर्ण चार कधीच वापरता येत नाही. जी४१ ची कमाल ८ जीबी, पण त्याची एक खोड आहे. चार जीबीच्या डीडीआर३ पट्टीवर सोळा लहान चिप, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ, असतील तर ती चालते. एकाच बाजूला आठ चिप असलेली नवी पट्टी अर्धी दिसते किंवा यंत्र सुरूच होत नाही. एच६१ ची कमाल १६ जीबी. आपला चिपसेट कोणता ते सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये मेनबोर्डच्या पानावर दिसते. त्यातल्या एसपीडीच्या पानावर प्रत्येक स्लॉटमधल्या पट्टीची कुंडलीच मिळते.

पिढ्याही वेगळ्या आहेत. डीडीआर२, ३, ४ आणि ५ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणून एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. जोर लावून बसवण्याचा प्रयत्न करू नये. लॅपटॉपमध्ये आणखी एक बारकावा आहे. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात आणि डीडीआर३एल ला १.३५. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला दुसऱ्याच प्रकारची पट्टी लागते, पहिली त्यात बसते पण चालत नाही.

बायोस आणि विंडोज जुळत नाहीत तेव्हा

इथे दोन फुकटचे इलाज आधी करावेत.

पहिला : विंडोजची कळ आणि आर दाबून उघडणाऱ्या चौकटीत 'एमएसकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत टाइप करावा. बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे 'मॅक्सिमम मेमरी'पुढे खूण असेल तर ती काढावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. संगणक वेगवान करण्याच्या नावाखाली ही खूण करायचा सल्ला अनेकांना कुठून तरी मिळतो. प्रत्यक्षात त्या खुणेने मेमरीला कुंपण घातले जाते, वाढत काहीच नाही.

दुसरा : साधारण २००६ ते २०१० या काळातल्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये 'मेमरी रिमॅप' अशी सोय असते. ती चालू करावी. ती काय करते हे पुढच्या भागात येईल.

याशिवाय विंडोजच्या आवृत्तीचीही मर्यादा असते. विंडोज ७ स्टार्टर फक्त २ जीबी वापरते. त्याच्या ६४-बिट प्रकारात होम बेसिक ८, होम प्रीमियम १६ आणि प्रोफेशनल १९२ जीबीपर्यंत जाते. विंडोज १० होमच्या ६४-बिट प्रकाराची मर्यादा १२८ जीबी आहे, म्हणजे घरगुती वापरात तिची चिंता नाही.

३२-बिटची भिंत

आता लिहून ठेवलेली 'सिस्टम टाइप'ची ओळ पाहावी. तिथे '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम' असेल तर उत्तर सापडले.

हे समजायला आपल्याच घराचा नंबर पुरतो. हैदराबादच्या जुन्या पद्धतीत आधी वॉर्ड, मग ब्लॉक, मग घर, मध्ये आडव्या रेघा. पोस्टमन नंबर पाहून पत्र टाकतो. ज्या घराला नंबर नाही तिथे पत्र पोहोचणार नाही, घर कितीही मोठे असो. संगणकातही मेमरीच्या प्रत्येक बाइटला एक नंबर लागतो. ३२-बिट पद्धतीत असे नंबर २ चा ३२ वा घात एवढे, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ असतात. हेच ४ जीबी. त्यापुढच्या मेमरीला देण्यासाठी नंबरच शिल्लक नाहीत.

शिवाय सगळे नंबर रॅमच्या वाट्याला येत नाहीत. ग्राफिक्स, नेटवर्क, यूएसबी आणि स्वतः बायोस यांनाही याच यादीतून नंबर द्यावे लागतात, आणि त्यांचे आरक्षण आधी होते. म्हणून चारपैकी कुठे ३.५, कुठे ३.२, कुठे २.९ दिसते. ज्या रॅमचे नंबर असे इतरांनी घेतले तिला चारच्या पुढचे नवे नंबर देणे, हे 'मेमरी रिमॅप'चे काम. पण ३२-बिट विंडोजच्या घरगुती आवृत्त्यांना चारच्या पुढचे नंबर वाचताच येत नाहीत, त्यामुळे तिथे रिमॅपचाही उपयोग नाही.

प्रश्न जुनाच आहे. बँकांच्या संगणकीकरणासाठी डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला. हेच रंगराजन पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि १९९७ ते २००३ या काळात आपल्या आंध्र प्रदेशाचे राज्यपाल होते. त्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे आणि हळूहळू पीसी येऊ लागले. १९८१ च्या आयबीएम पीसीत नंबर २ चा २० वा घात एवढेच, म्हणजे १०,४८,५७६ होते. हे १ एमबी झाले. त्यातले ६४० केबी प्रोग्रॅमसाठी आणि वरचे ३८४ केबी पडदा वगैरेंसाठी राखीव. तेव्हाही माणसे विचारत असत की एक एमबी असून ६४० केबीच का. १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरने ३२-बिट नंबर आणले तेव्हा चार जीबी कधी भरेल असे कोणाला वाटले नव्हते. वीस-बावीस वर्षांत ते घरोघरी भरले.

उपाय एकच : ६४-बिट विंडोज. 'सिस्टम टाइप'च्याच ओळीत 'एक्स६४ प्रोसेसर' असे असेल तर प्रोसेसर तयार आहे. मात्र ३२-बिटवरून ६४-बिटवर वरच्या वर जाता येत नाही, विंडोज नव्याने टाकावी लागते. त्याआधी सगळ्या फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी कराव्यात आणि त्या उघडून पाहाव्यात. जुन्या प्रिंटर व स्कॅनरचे ६४-बिट ड्रायव्हर मिळतात का तेही आधी बघावे.

मराठी माणसाने आणखी एक गोष्ट तपासावी. डॉसच्या काळातले प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि डोंगल लावून चालणारी जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरही अडू शकतात. आमची दुसरी चूक ३२-बिट विंडोज ही होती. पट्टी नीट बसल्यावर विंडोज ८ जीबी दाखवू लागली, पण वापरण्याजोगी ३.२ च. ६४-बिट विंडोज १० टाकल्यावर ती ७.९ झाली आणि फोटो चटकन उघडू लागले. पण स्मरणिका ज्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केल्या होत्या ते बंद पडले. फायली होत्या, अक्षरे मात्र अगम्य खुणांसारखी दिसत. एका सभासदाच्या घरचा जुना संगणक केवळ त्यासाठी आणून ठेवला आणि एकेक स्मरणिका युनिकोडमध्ये आणायला घेतली. ते काम अजून पुरे झालेले नाही. मेमरी वाढवताना हा विचार आधी केला असता तर धावपळ वाचली असती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे, पण अनेक जुन्या यंत्रांवर ती अधिकृतपणे चालत नाही. तिथे उबंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली हा चांगला पर्याय आहे. तिच्यात मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकही मिळतो.

पट्टी दिसते, पण भरवशाची आहे का?

आकडा पूर्ण दिसला म्हणजे पट्टी निर्दोष आहे असे नाही. अधूनमधून निळा पडदा येणे, कॉपी केलेली फाइल न उघडणे ही सदोष मेमरीची लक्षणे असू शकतात. अशी पट्टी फोटो साठवताना गुपचूप बिघडवते, आणि ते कळते तेव्हा मूळ फोटो हाती नसतो. म्हणून नवी पट्टी लावल्यावर स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून ती तपासणी एकदा करावी. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालतो आणि अधिक कसून तपासतो. रात्री लावून ठेवावा, सकाळी पाहावे. एकही चूक दाखवली तर ती पट्टी वापरू नये.

विकत घेताना

सिकंदराबादच्या पार्कलेनला चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जा किंवा घरबसल्या मागवा, काही गोष्टी सारख्याच आहेत. जुनी पट्टी किंवा तिचा फोटो सोबत न्यावा. मदरबोर्डचे मॉडेल लिहून न्यावे. बिलावर पट्टीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण वॉरंटी त्यावरच मिळते. फारच स्वस्त पट्टी दिसली तर दोन प्रश्न विचारावेत : ही फक्त एएमडीच्या यंत्रावर चालणारी आहे का, आणि ही सर्व्हरमधून काढलेली आहे का? पहिली इंटेलच्या यंत्रावर पूर्ण दिसत नाही किंवा चालतच नाही. दुसरी, म्हणजे सर्व्हरची 'रजिस्टर्ड' पट्टी, घरगुती मदरबोर्डवर चालत नाही. लॅपटॉपच्या काही मॉडेलांत मेमरी बोर्डावरच जोडलेली असते आणि जास्तीचा स्लॉट नसतो, तेही आधी पाहावे. वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या जमल्याच तर दोन्ही कमी वेगाने चालतात, आकडा मात्र पूर्ण दिसतो.

थोडक्यात क्रम

तीन आकडे लिहा. एमएसकॉन्फिगमधली खूण पाहा. 'सिस्टम टाइप' पाहा. पट्टी काढून, पुसून, नीट बसवा. आलटून पालटून तपासा. चिपसेटची कमाल पाहा. हे सारे झाल्यावरच तंत्रज्ञाकडे जा, आणि जाताना तो कागद सोबत न्या. कागद हातात असला की "मदरबोर्ड गेला" हे वाक्य सहज बोलले जात नाही.

ज्यांना कॅबिनेट उघडायची भीती वाटते त्यांनी रविवारी सकाळी कार्यालयात यावे. संगणक उचलून आणण्याची गरज नाही. तीन आकडे आणि 'सिस्टम टाइप'ची ओळ एवढे लिहून आणले तरी निम्म्या प्रश्नांचे उत्तर तिथेच देता येते. उरलेल्यांसाठी आमच्याकडे एक ब्रश आणि दोन खोडरबर आहेत.